निदान नसलेले दुखणे

मनुष्य दुःख सोसू शकतो. परंतु ज्याचे कारण कळत नाही असे दुःख त्यास सोसवत नाही. घरात कोणास ताप आला, आणि तो हिवतापाचा आहे असे वैद्याने सांगितले, की ताप एका अंशानेही उतरलेला नसता घरच्या मंडळींच्या जिवात जीव येतो. नाव मिळाले म्हणजे औषधाची दिशा मिळते, किती दिवस वाट पाहावयाची ते समजते, आणि आशा धरावी की सोडावी याचाही निर्णय बहुतांशी होऊन जातो. पण जेथे नावच मिळत नाही तेथे काय करावयाचे? वैद्यकाने हात टेकले म्हणजे आपले कर्तव्यही तेथेच संपते काय? की कर्तव्य रोगाच्या नावावर अवलंबून नसून दुसऱ्याच कशाच्या तरी आधारावर उभे असते? प्रश्न जुना आहे आणि मोठाही आहे. आज तो आम्ही वाचकांपुढे एका लहानशा मुक्या जीवाच्या निमित्ताने मांडीत आहोत.

परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या काठी वसलेले गंगाखेड संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास ठाऊक आहे. या तालुक्यातील एका खेड्यात आमच्या परिचयाचे एक शेतकरी कुटुंब राहते. जमीन थोडी व कोरडवाहू. गोठ्यात एक लाल कंधारी गाय. ही जात नांदेड, परभणी, लातूर या भागांतील. रंगाने गडद तांबडी, थोडक्या वैरणीवर निभावणारी, आणि तिचे बैल शेतकामास काटक. या गाईस गेल्या पावसाळ्यात गोऱ्हा झाला. पहिल्या दिवसापासून तो चारही पाय फाकून उभा राही. सडाकडे तोंड नेऊ लागला की त्याचे डोके थरथरे, आणि सड जवळ आला म्हणजे थरथर अधिकच वाढून तोंड भलतीकडे जाई. चार पावले टाकली की तोल जाऊन पडे. अधूनमधून त्याच्या अंगास झटके येत, डोळे फिरत, आणि थोड्या वेळाने काही घडलेच नाही अशा रीतीने तो पुन्हा कान टवकारी. असे असूनही त्यास भूक चांगली, दृष्टी स्वच्छ, आणि आईचे हंबरणे तो दुरूनही ओळखी.

गुरांच्या दवाखान्यातील डॉक्टर आले. त्यांनी पहिली ताकीद दिली ती वासराच्या तोंडात कोणीही हात घालू नये अशी. कारण पिसाळ रोगातही अशी काही लक्षणे दिसतात आणि तो लाळेतून माणसास होतो. पिसाळलेले जनावर लक्षणे दिसू लागल्यावर बहुधा आठदहा दिवसांत दगावते. येथे आठवड्यांमागून आठवडे गेले, तेव्हा ती भीती मावळली. जीवनसत्त्वांची इंजेक्शने झाली. परभणीस १९७२ पासून पशुवैद्यकाचे महाविद्यालय आहे. तेथील जाणकारांचाही सल्ला घेण्यात आला. शेवटी निष्कर्ष एवढाच निघाला की दोष मेंदूत आहे. पण तो कोणता व कशाने झाला हे सांगता येत नाही.

हे ऐकून शास्त्रास नावे ठेवण्याचा मोह एखाद्यास होईल. परंतु तो अन्याय होय. वासराच्या मेंदूस इजा होण्याची कारणे अनेक आहेत. गाय गाभण असता मधल्या महिन्यांत तिला एका विशिष्ट विषाणूचा संसर्ग झाला, तर गर्भाचा लहान मेंदू, म्हणजे हालचालींचा तोल सांभाळणारा भाग, अपुरा वाढतो. असे वासरू जन्मभर थरथरते. पण त्याची समज शाबूत असते व दुखणे वाढत जात नाही. गाभण गाईस महिनोन्महिने केवळ वाळलेली वैरण मिळाली आणि हिरवा चारा दृष्टीसही पडला नाही, तर 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावी वासरू आंधळे किंवा दुबळे निपजते, त्यास झटकेही येतात. मराठवाड्यासारख्या अवर्षणाच्या मुलखात ही शक्यता नेहमीच ध्यानात घ्यावी लागते. 'ब' वर्गातील थायमिन कमी पडले तर जनावर मान मागे टाकून आकाशाकडे पाहत राहते. वेळीच इंजेक्शन मिळाले तर तेच जनावर एकदोन दिवसांत सावरू लागते. जुन्या बॅटरीतील किंवा रंगातील शिसे चाटण्यात आले तरी मेंदू बिघडतो. कुत्र्याच्या आतड्यातील एका जंताची पिले मेंदूत घर करतात, आणि मग जनावर एकाच बाजूस गोल फिरू लागते. कारणे इतकी, पण ती प्रकट करावयास देहाजवळ खुणा मात्र मोजक्याच: थरथरणे, पडणे, फिरणे, झटके येणे. शिवाय मेंदू हाडांच्या पेटीत बंद, आणि रोगी मुका. गुरांच्या मेंदूची खरी तपासणी बहुधा त्यांच्या मरणानंतरच होते. माणसांची स्थिती तरी काय आहे? अपस्माराच्या सुमारे निम्म्या रुग्णांत कारण सापडत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. सारांश, कारण न कळणे हा वैद्यकातील विरळा अपघात नसून नित्याचा अनुभव आहे. म्हणूनच अशा स्थितीत कसे वागावे याचा विचार आधीच करून ठेवणे अवश्य आहे.

परंतु मनुष्याचे मन रिकामी जागा रिकामी ठेवीत नाही. शास्त्र जेथे थांबले तेथे लोकांच्या कथा सुरू झाल्या. कोणी म्हणाले, वासरास दृष्ट लागली. कोणी म्हणाले, हा गाईच्या पूर्वजन्मीचा भोग. कोणी आठवण काढली की ग्रहणाच्या दिवशी घरच्या सुनेने गाभण गाय गोठ्याबाहेर काढली होती. शिकलेल्यांनीही आपली भर घातली: हे सारे हल्लीच्या औषधांमुळे, खतांमुळे, इंजेक्शनांमुळे होते. या सर्व स्पष्टीकरणांत एक समान गोष्ट वाचकांच्या ध्यानात येईल. त्यांतील एकानेही वासराचा एक झटका कमी झाला नाही. मात्र प्रत्येकाने कोणास ना कोणास अपराधी ठरविले. आणि अपराधाचे ओझे, जसे नेहमी घडते तसे, ज्यास उलट बोलता येत नाही त्याच्याच डोक्यावर जाऊन पडले. त्या घरच्या सुनेने आठ दिवस धड अन्न घेतले नाही. कार्यकारणभावाची भूक ही बुद्धीची थोर भूक आहे. तिच्याच बळावर मनुष्याने रोग जिंकले. पण ती उतावळी झाली म्हणजे निरपराध माणसास खाते. 'मला ठाऊक नाही' एवढे तीन शब्द प्रामाणिकपणे उच्चारता येणे हे केवळ बौद्धिक शिस्तीचे लक्षण नव्हे. ते दयेचेही पहिले अंग आहे.

दुसरा मोह हिशेबाचा. कालवड असती तर पुढे कधी तरी दुधाची आशा होती. हा गोऱ्हा, नांगरास कधी जुंपला जाणार नाही हे उघड, आणि धडधाकट बैलाचे कामही आता ट्रॅक्टर करू लागला आहे. मग त्यास रोज दूध का पाजावे, आणि पुढे कडबा का घालावा? शहरात बसून हा विचार आपणांस निष्ठुर वाटेल. परंतु ज्याच्या घरी पावसाने ओढ दिली म्हणजे कडब्याची पेंढी मोजून काढावी लागते, त्याचा हा हिशेब आहे, हे विसरून चालणार नाही. पूर्वी असल्या जनावरांचा निकाल बाजार लावीत असे. १९७६ च्या कायद्याने महाराष्ट्रात गाय व तिची वासरे यांच्या हत्येस बंदी झाली, आणि २०१५ च्या दुरुस्तीने ती बैल व वळू यांनाही लागू झाली. कायद्याच्या इष्टानिष्टतेचा वाद आम्हांस येथे करावयाचा नाही. परंतु कायदा मारण्यास बंदी करू शकतो, वाढविण्याची सक्ती करू शकत नाही. आणि या दोहोंमधील मोकळ्या जागेत एक शब्द येऊन बसला आहे, तो म्हणजे 'सोडून देणे'. रात्री जनावर रस्त्यावर नेऊन दावे काढून घ्यावयाचे, की मालकाच्या माथी हत्याही नाही आणि खर्चही नाही. भाषेत तो शब्द किती मोकळा व उदार वाटतो! पण चार पावलांवर पडणाऱ्या वासरास 'सोडणे' याचा अर्थ त्यास मालमोटारीच्या चाकाखाली किंवा कुत्र्यांच्या तोंडी देणे एवढाच होतो. हात स्वच्छ राहिले म्हणून कृत्य स्वच्छ होत नाही.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञांनी या प्रश्नाचा विचार केला आहे. पशूंच्या बाबतीत आपणांस साक्षात् कर्तव्य असे नाही. पण जो पशूंशी क्रूर होतो तो पुढे माणसांशीही तसाच होतो, म्हणून पशूंवर दया करावी, असे कांटचे मत होते. यात दया आहे. पण ती वासरासाठी नसून वासराच्या निमित्ताने स्वतःसाठी आहे. बेन्थॅमने १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याहून सरळ प्रश्न विचारला: प्राण्यास विचार करता येतो की नाही, बोलता येते की नाही, हे पाहू नका, त्यास यातना होतात की नाही हे पाहा. आपल्या मराठी मनास हा विचार परका नाही. याच गोदावरीच्या काठी, वरच्या अंगास पैठण येथे, रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले असता वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उमटले, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती घडली किंवा नाही हा इतिहासाचा प्रश्न झाला. ती शतकानुशतके सांगितली गेली, यावरून आपल्या पूर्वजांनी दयेची कसोटी कोठे ठेविली होती ते कळते.

पण यातनांचीच कसोटी धरली, तर दुसऱ्या बाजूने एक कठीण प्रश्न उभा राहतो: मग त्या वासरास यातनांतून कायमचे मुक्त का करू नये? या प्रश्नाचा आपल्या देशातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंगही एका वासराचाच आहे. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू जायबंदी होऊन पडले होते. होईल ती शुश्रूषा झाली. परंतु कूस बदलतानाही त्यास असह्य वेदना होत, आणि डॉक्टरांनी आशा नसल्याचे सांगितले. जो प्राण देऊ शकत नाही त्यास तो घेण्याचाही अधिकार नाही, असा आक्षेप आश्रमातूनच निघाला. गांधीजींनी तो ऐकून घेतला, पण मारण्यात स्वार्थ असता तर तो लागू पडला असता, येथे तो लागू नाही, असे त्यांचे मत पडले. आणि त्यांच्या समक्ष डॉक्टरांनी विषाचे इंजेक्शन देऊन वासराचा अंत केला. 'नवजीवन' व 'यंग इंडिया' या पत्रांत त्यांनी ही हकीकत उघडपणे लिहिली, तेव्हा देशभर संतापाचा लोळ उठला. अहिंसेचा पुरस्कर्ता गोवत्साची हत्या करवितो, हे पुष्कळांस सहन झाले नाही. तथापि गांधीजी आपल्या मतावरून हलले नाहीत.

आमच्या मते त्या निर्णयाचे बळ त्याच्या धाडसात नसून त्याच्या अटींत होते. वेदना अखंड व असह्य. उपाय सर्व करून संपलेले. बरे होण्याची आशा जाणकाराने नाकारलेली. आणि मारणाऱ्याचा त्यात कवडीचाही लाभ नाही. या अटी एकत्र आल्या म्हणजे जिवंत ठेवणे हीच हिंसा होऊ शकते. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या तेराव्या कलमानेही, काही अवस्थांत प्राण्यास जिवंत ठेवणे क्रूरतेचे ठरते, हे मान्य केले आहे. आता या अटी गंगाखेडच्या गोऱ्ह्यास लावून पाहा. तो पडतो, पण पुन्हा उठू पाहतो. त्यास झटके येतात, पण झटक्यांच्या मधले तास तो ऊन अंगावर घेत, कान हलवीत घालवितो. उपाय संपले की नाहीत हेही सांगवत नाही, कारण रोगच ठाऊक नाही. निदानाच्या अभावी आशा जशी सिद्ध होत नाही, तशी निराशाही सिद्ध होत नाही. मग 'त्याचे हाल पाहवत नाहीत' असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा हाल कोणाचे, असे स्वतःस विचारले पाहिजे. पुष्कळदा सुटका हवी असते ती पाहणाऱ्यास.

आपल्या भाषेने 'निदान' या एकाच शब्दास दोन अर्थ दिले आहेत. एक रोगाची ओळख. दुसरा 'कमीत कमी'. पहिले निदान झाले नाही म्हणजे दुसरे सुरू होते: रोग नाही कळला, पण निदान काय करता येईल? त्या घरच्या वृद्ध गृहिणीस तत्त्वज्ञानाचा गंध नाही. पण आम्ही रोगाच्या नावाविषयी पृच्छा केली असता तिने जे उत्तर दिले त्यात या लेखाचे सार आहे. ती म्हणाली, "सर, रोग कळंना म्हणून त्याची भूक थांबली का?"

भूक थांबलेली नाही. म्हणून निदान एवढे तरी करावयाचे, असा त्या घरचा क्रम ठरला. गोठ्यातील खुंट्याभोवतीचे दगड वेचून टाकले. पडल्यावर लागू नये म्हणून खाली भुशाचा जाड थर घातला आणि तो रोज बदलला. सड सापडत नाही, म्हणून एकाने त्याचे डोके धरावयाचे व दुसऱ्याने बाटलीने दूध पाजावयाचे. झटका आला तर तोंडात काही न घालता त्यास मऊ जागी कुशीवर राहू द्यावयाचे व ओसरेपर्यंत जवळ बसावयाचे. एका कुशीवर फार वेळ राहिला तर कूस बदलावयाची. आणि डॉक्टरांच्या सूचनेवरून घरची शाळेत जाणारी मुलगी आपल्या वहीच्या मागच्या पानांवर रोज चार गोष्टी लिहू लागली: किती प्याला, किती वेळ उभा राहिला, झटके किती आले, आणि आज त्याने आपण होऊन कोणाकडे मान वळविली काय.

हा शेवटचा प्रश्न तिचा स्वतःचा. आम्हांस तो कांट व बेन्थॅम यांच्या पंक्तीस बसण्याजोगा वाटतो. कारण अज्ञात दुखण्यात कर्तव्याचे माप रोगाच्या नावावरून घेता येत नाही. ते त्या जिवाच्या आजच्या दिवसावरूनच घ्यावे लागते. तो आज खातो काय? त्यास सोबत हवीशी वाटते काय? त्याच्या दिवसात वेदनेहून वेगळे असे काही उरले आहे काय? या प्रश्नांस जोवर 'होय' असे उत्तर आहे, तोवर वाढविणे हेच कर्तव्य. उद्या पानामागून पाने 'नाही' अशीच भरत गेली, तर गांधीजींच्या अटी पुन्हा काढून डॉक्टरांसमवेत त्यांचा विचार करणे हेही कर्तव्यच. म्हणजे ही वही एका अर्थी दयेचीच वही आहे. तिच्यात खोटी आशाही लिहिली जात नाही, आणि आपल्या थकव्यास त्याची वेदना असे नावही दिले जात नाही. दया म्हणजे मनाचा उमाळा अशी आपली समजूत असते. उमाळा एका दिवसाचा असतो; पाहणे मात्र रोजचे असते, आणि ज्याचे नाव ठाऊक नाही अशा दुःखास रोज पाहणाऱ्याचीच गरज असते.

यावर एक आक्षेप राहतो, आणि तो टाळण्याजोगा नाही. ज्या गावांत माणसांच्या मुलांसही पुरेसे दूध मिळत नाही, तेथे अपंग वासरास ते पाजणे हा चुकीच्या जागी केलेला धर्म नव्हे काय? आम्ही याचे उत्तर स्पष्ट देऊ. मुलाच्या तोंडचे काढून वासरास घालावे असे आम्ही म्हणणार नाही. तशी वेळ आली तर मूल आधी. परंतु बहुतेक घरांत ती वेळ प्रत्यक्ष येण्यापूर्वीच युक्तिवाद म्हणून पुढे केली जाते. आणि मुलांची नावे घेऊन वासरू सोडणारा वाचलेले दूध मुलांसच देतो असा अनुभव नाही. उलट, ज्या मुलीने ती वही लिहिली तिला घरातील आजाऱ्याकडे, म्हाताऱ्याकडे, किंवा वर्गातील अडखळत बोलणाऱ्या सोबतिणीकडे कसे पाहावे हे शिकवावे लागणार नाही. कांटचे म्हणणे एवढ्यापुरते खरे आहे. मात्र तो लाभ दयेचा हेतू नव्हे, फळ आहे.

आक्षेपाचा खरा रोख आमच्या-तुमच्यावर आहे. गाईविषयी आदर बाळगणारे, वसुबारसेस सवत्स धेनूची पूजा करणारे, गोरगरिबांनी जनावरे सोडून देऊ नयेत असे म्हणणारे आपण सुशिक्षित लोक; पण त्या कडब्याच्या पेंढीची किंमत कोण देतो? मुंबईत १८३४ साली पांजरपोळ स्थापन झाली तेव्हा सर जमशेटजी जिजीभाईंसारख्या धनिकांनी दयेचा खर्च स्वतःच्या खिशातून उचलला होता. दया बोलून दाखवावयाची एकाने व तिचा भार वाहावयाचा दुसऱ्याने, हा व्यवहार नीतीच्या बाजारात सर्वांत स्वस्त, म्हणूनच सर्वांत संशयास्पद होय. ज्यास असे जनावर वाढविणे योग्य वाटते, त्याने ओळखीच्या एका तरी घरास वर्षाच्या वैरणीत, डॉक्टरांच्या फेरीत, निदान औषधाच्या एका बाटलीत वाटा द्यावा. न देणाऱ्याने त्या शेतकऱ्यास उपदेश करू नये.

गंगाखेडच्या जनाबाईंविषयी परंपरा सांगते की त्या दळीत असता विठ्ठल त्यांच्या जात्यास हात लावावयास येई. या कथेतील एक गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. दासीचा जन्म का आला, कष्ट माझ्याच वाट्यास का, याचे स्पष्टीकरण द्यावयास तो देव आला नाही. तो जात्याचा खुंटा धरावयास आला. जगातील पुष्कळ दुःखांची कारणे कधी काळी कळतील, काहींची कधीच कळणार नाहीत. ती शोधण्याचे काम शास्त्राने अखंड करीत राहावे. त्यात खंड पडणे हेही एक पाप आहे. परंतु उत्तर येईपर्यंतचा काळ रिकामा नसतो. त्या काळात कोणास तरी भूक लागलेली असते, कोणाची तरी कूस बदलावयाची राहिलेली असते. तेवढे तरी, निदान, आपल्या हाती आहे.